कर्जखात्यातला नारळ

सुकेशनीताई रोज राणीसावरगावहून एसटीनं पालमला येतात आणि डाळ मिलच्या कंपनीचे हिशेब लिहितात. अकरा वर्षांत त्यांची बस चुकली, डबा विसरला, एकदा तर एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात बहिणीची चप्पल आली. पण बेरीज चुकली नाही. कंपनी म्हणजे दोन यंत्रं, एक पत्र्याचं शेड, डाळ निवडणाऱ्या चार बाया आणि मालक उद्धवराव. कागदावर 'प्रायव्हेट लिमिटेड' असल्यामुळं ते स्वतःला डायरेक्टर म्हणवतात. गाव त्यांना डाळवाले म्हणतं.

दरवर्षी डिसेंबरात, तुरी निघायच्या सुमारास, कंपनी बँकेकडून चार महिन्यांसाठी तीन लाख उचलते. तूर घ्यायची, भरडायची, डाळ विकायची आणि मार्चअखेर देणं मिटवायचं. यंदा ऐन मार्चअखेर ताईंना धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी दहा दिवस जिंतूरला जावं लागलं. मागं कीर्द लिहिली खुद्द डायरेक्टरांनी, आणि तिथंच न थांबता वर्षाचा नफा-तोटाही काढून ठेवला. उद्धवरावांचं अक्षर मोत्यासारखं. तीन रंगांची शाई वापरतात, आणि चुकतात तेही इतकं देखणं की खोडायला हात धजत नाही.

भाची झाल्याचे पेढे घेऊन ताई एक तारखेला कामावर आल्या, तर उद्धवराव पेढा न घेता बसून राहिले. मधुमेह त्यांना चार वर्षांपासून आहे. पेढा नाकारण्याची मात्र ही पहिलीच वेळ. यंदा एक लाख अठरा हजारांचा तोटा आलाय, असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. निवडणाऱ्या बायांना सोमवारपासून थांबवायचं, आणि ते ताईंनीच सांगायचं, कारण गीताबाईंसमोर त्यांची जीभ रेटत नव्हती.

गीताबाई शेडातल्या सगळ्यात जुन्या. डाळीतला खडा डोळ्याला दिसायच्या आधी त्यांच्या बोटाला कळतो. ताई शेडात गेल्या, चौघींना पेढे वाटले. गीताबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि जिंतूरच्या बाळाची दृष्ट पालमहूनच बोटं मोडून काढली. अशा बाईला 'सोमवारपासून येऊ नका' कसं म्हणायचं? ताई न सांगताच परत आल्या आणि त्यांनी कीर्द उघडली.

कर्जाच्या खात्यावर अजून दोन लाख नव्व्याण्णव हजार सहाशे साठ रुपये देणं दिसत होतं. बँकेचं 'काही बाकी नाही' असं पत्र तर टेबलाच्या काचेखाली, हळद-कुंकू लावून. मग हे देणं कुणाचं? आणि तीन लाखांतले तीनशे चाळीस कुठं गेले? बोट खाली सरकलं तसं हिरव्या शाईत सापडलं: नारळ, हार व पेढे, कर्जफेडीनिमित्त.

"मालक, नारळ कर्जाच्या खात्यात कसा काय?"

"कर्जापायीच फोडला की बँकेच्या दारात. मग काय डाळीच्या खात्यात टाकू?"

"आन् बँकेला दिलेले तीन लाख नऊ हजार सगळे खर्चात?"

"गेले ना, ताई. गेलं तो खर्चच. मी काय हौसेनं लिहायलोय का?"

ताईंनी वही मिटली. उद्धवरावांना आकडे सांगून उपयोग नसतो, हे त्यांना अकरा वर्षांत कळलं होतं.

"प्रभावतीवैनींनी शेजारून पातेलं आणलं आन् परत दिलं, तर तुमच्या घरचं एक भांडं कमी झालं का?"

"न्हाई. आपलं नव्हतंच ते."

"ते तीन लाख म्हणजे पातेलं. आणलं तवा कमाई न्हाई, दिलं तवा खर्च न्हाई. देणं होतं, मिटलं."

उद्धवराव जरा वेळ बायकोच्या स्वयंपाकघरात जाऊन आल्यासारखे दिसले. "पन आमची ही रिकामं पातेलं कधीच देत न्हाई. वाटीभर आमटी तरी घालती."

"मग तेवढीच आपली गेली. नऊ हजार व्याज. खर्चात फकस्त ती आमटी."

तीन लाख खर्चातून उठून कर्जखात्यात गेले, नारळ तिथून उठून खर्चात आला, आणि एक लाख एक्याऐंशी हजार सहाशे साठ रुपये नफा निघाला. उद्धवरावांनी तो तीन रंगांत तीनदा मोजला. मग निमूटपणे पेढ्याचा डबा जवळ ओढला आणि एकदम थांबले.

"बायांना सांगितलं का हो?"

"भाचीचं सांगितलं. दुसरं राहूनच गेलं."

"लय चांगलं केलं," म्हणत त्यांनी पेढा तोंडात टाकला, अन् वर आणखी एक.

वाद उरला तो नारळाचा. ताई म्हणाल्या, किरकोळ खर्चात टाकू. देवाचा नारळ किरकोळ म्हटल्यावर उद्धवराव दुखावले. शेवटी लाल शाईनं नवं खातं उघडलं: 'आनंदाचा खर्च'. त्यात पहिली नोंद तीनशे चाळीसची. दुसरी त्याच दिवशी पडली, कारण भाची झालेल्या ताईंना रिकाम्या हातानं घरी पाठवायचं न्हाई, असं गीताबाईंनी डायरेक्टरांना दारात उभं राहून बजावलं होतं. एक झबलं, एक टोपडं, दोनशे वीस रुपये. साडेपाचच्या बसमध्ये ताईंनी ती पिशवी मांडीवर घेतली. सोमवारी सकाळी शेडात चारही सुपं पाखडत होती.