डोळा लागलेली पोर

दवाखान्यातल्या बाकावर एक बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तीन वर्षांची पोर. बाई तिच्या नडग्या चोळायची, मधूनच नाकापुढं बोट धरून श्वास बघायची.

"रातभर हाडं ठणकत्यात, घोरता घोरता दम अडकतो. सासू म्हणती, घोरती म्हंजी गाढ झोपली!"

तिचा नंबर आला. शिपाई ओरडला, "उठव तिला. झोपायला आणलंय व्हय?"

"झोप लागंना म्हणूनच आणलंय, दादा. आत्ता डोळा लागलाय. जरा थांबा." तिनं पोरीच्या कानावर तळहात ठेवला.

"मग बस! पुढचा नंबर!"

पुढचा नंबर माझा होता. मला चारचौघांत बोलता येत नाही. चिठ्ठी मुठीत आवळून मी तिथंच बसून राहिले. पोर उठेपर्यंत मी आत जाणार नव्हते.