भाकरीचं उदाहरण

भाकरी करपल्याचा वास आला की मला आर्वीतला अर्थशास्त्राचा तास आठवतो. बारावीच्या सराव परीक्षेत प्रश्न होता: किंमत वाढूनही मागणी कधी वाढते? उदाहरण डोळ्यांनी पाहिलेलंच हवं, असं सरांनी बजावलं होतं. मी लिहिलं, ‘एका घरी ज्वारी महागली की भाजी बंद होते. मग पोट भरायला भाकऱ्याच जास्त लागतात, म्हणून ज्वारी आणखी घ्यावी लागते.’

पेपर परत देताना सरांनी ते मोठ्यानं वाचलं.

“कोणाच्या घरचं हाय वं हे? का मनानंच लिवलं?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“मनानंच, सर.”

सरांनी दोन मार्क कापले आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही. घरी आई त्या वेळी भाकऱ्याच थापत असेल.