जागृतीचा ठराव आणि घरची माणसं

जागृती तामोरे मुरबे गावची. वडील दादू बोटीवर जातात, आई पुष्पलता बोईसरच्या बाजारात मासळी विकते. पहाटे किनाऱ्यावर लिलावात माल घ्यायचा, निवडायचा, बर्फ घालायचा, आईबरोबर पाट्या रिक्षात चढवून बाजारात पोचवायच्या आणि तिथून धावत कॉलेज गाठायचं, हा तिचा रोजचा क्रम. माझा हिशेबशास्त्राचा तास सकाळी पहिला. जागृती आत येते तेव्हा तो निम्मा झालेला असतो. ती दारातच विचारते, "येऊ का सर?" आणि उत्तर यायच्या आत बसलेलीही असते.

मागच्या वर्षी हजेरी कमी भरल्यामुळे तिची परीक्षा जाता जाता राहिली. यंदा ती खरंच जाईल अशी लक्षणं होती. दुपारची तुकडी मिळाली असती तर प्रश्नच नव्हता. पण ती तुकडी गुणांवर भरते, आणि तेवढे गुण तिला नव्हते. आईला एकटीला पाट्या उचलायला लावणं किंवा शिक्षण सोडणं, असे दोनच रस्ते तिच्यासमोर उरले होते. दुसरी एखादी मुलगी प्राचार्यांकडे जाऊन स्वतःपुरती सवलत मागून आली असती. जागृतीने ठराव लिहिला.

आमच्याकडे राष्ट्रीय विद्यार्थी संगम या संघटनेची शाखा आहे आणि मी तिचा सल्लागार शिक्षक. मला मत नाही, हे एका अर्थी बरंच आहे. संगमाचा कारभार मी मुलांना कंपनीच्या उदाहरणाने समजावतो. संचालक मंडळ रोजचं काम बघतं, पण मोठे निर्णय भागधारकांच्या सभेत होतात. तसंच संगमाचा राष्ट्रीय अध्यक्ष कितीही वजनदार असला तरी त्याला स्वतःच्या मनाने धोरण ठरवता येत नाही. धोरण ठरतं वार्षिक अधिवेशनात, आणि तिथे ठराव जातात ते शाखांकडून. शाखेने मंजूर केला नाही तर ठराव गावातच राहतो. मंजूर होऊन अधिवेशनात टिकला, तर देशभरच्या शाखा तीच मागणी घेऊन आपापल्या विद्यापीठाच्या दारात उभ्या राहतात.

जागृतीचा ठराव असा होता: मासेमार घरांतल्या, सकाळी घरच्या धंद्यात राबणाऱ्या विद्यार्थ्यांना दुपारची तुकडी मागण्याचा हक्क असावा. शाखेची सभा शनिवारी भरली. ठराव पाठवायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. अध्यक्षस्थानी रूपल होती, सालवडला राहणारी, कारखान्यातल्या फिटरची मुलगी.

जागृतीचं बोलून झालं आणि ललित चुरी उठला. त्याची चिंचणीला चिकूची वाडी आहे.

"मासेमारांनाच का? आम्ही काय दहा वाजता उठून चिकू तोडतो?"

"चिकू दुपारी तोडलास तर तो रुसत नाय," जागृती म्हणाली. "मासळी दुपारपर्यंत ठेव, मांजर पन विचारनार नाय."

सभा हसली. ललितही हसला, पण खाली बसला नाही. 'मासेमार घरांतल्या' हे शब्द काढून 'घरच्या धंद्यात'ऐवजी 'कोणत्याही घरच्या धंद्यात' असं घालावं, अशी दुरुस्ती त्याने मांडली.

"सगल्यांची नावं घातली की कोनाचंच काम होत नाय," जागृती म्हणाली. ललितचे मित्र अजून हसण्यातच होते; दुरुस्तीला अनुमोदक मिळाला नाही आणि ती तिथेच संपली.

मग रूपलने मूळ ठराव मताला टाकला. "बाजूने?"

सालवडच्या मुलांच्या बाकांवरून थोडे हात वर आले. मुरबे आणि दांडी या कोळ्यांच्या गावांतली मुलं ज्या बाकांवर खच्चून बसली होती, तिथे एकही हात हलला नाही. सगळे माना खाली घालून, लग्नाच्या बोलणीत बसावं तसे बसले होते.

"विरोधात?"

ललितचा हात वर गेला आणि त्याच्या मागे त्याच्या मित्रांचे. ते थोडेच होते, पण पुरेसे होते. रूपलने खालच्या आवाजात सांगितलं, "ठराव नामंजूर."

जागृती गर्रकन मागे वळली. तिचा चुलतभाऊ केतन मागच्याच बाकावर होता.

"केतन, हात मोडला काय रे तुजा?"

"अगं, आमी घरचे ना!" केतन म्हणाला. "घरच्याच्या मागनीला घरच्यांनीच हात वर करायचा? गावाच्या बैठकीत असा चालते काय?"

"मी तर तुजी मावसबहीन," दांडीची भाग्यश्री म्हणाली. "लोक म्हनले असते, आपलंच ताट वाढून घेते."

"आनि तू तरी कुठं हात वर केलास?" केतनने जागृतीला विचारलं.

जागृतीने स्वतःच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. खरंच केला नव्हता.

यांच्या गावाच्या बैठकीची रीत मला तेव्हा कळली. मागणी ज्या घराची, त्या घरच्यांनी बाजूला बसायचं आणि निर्णय इतरांनी द्यायचा. त्यातच घराची अब्रू. रीत चांगलीच आहे. फक्त मुरबे आणि दांडीची मुलं मोजली तर प्रत्येकजण प्रत्येकाचा कोणी ना कोणी लागतो, त्यामुळे जागृतीसाठी मत द्यायला कोणी शिल्लकच राहिलं नव्हतं.

"परत मत घे ना," भाग्यश्री रूपलला म्हणाली.

रूपलने संगमाची घटना उघडली. एकदा निकाली निघालेला ठराव त्याच सभेत परत घेता येत नाही. एकच सोय होती: जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्या सभासदाने स्वतः फेरविचार मागायला हवा. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नियम तसाच होता.

सगळ्यांच्या नजरा ललितकडे गेल्या. तो पिशवी भरत होता.

जागृती उठून त्याच्या बाकापाशी गेली. "तू विरोधात हात वर केलास ना?"

"केला. परत विचारलंस तर परत करीन."

"कर. पन आधी फेरविचार माग."

"मी का मागू?"

"कारन तूच मागू शकतोस. आमच्यातला एकपन नाय."

ललितने मित्रांकडे पाहिलं. त्यातला एक म्हणाला, "जाऊ दे ना, जिंकलोय आपण." ललितने पिशवी खाली ठेवली.

"हे काय जिंकणं झालं? समोरचे मैदानात उतरलेच नाहीत." मग उभा राहून तो मोठ्याने म्हणाला, "अध्यक्ष, मी फेरविचार मागतो. माझा विरोध कायम आहे, तेवढी नोंद करा."

टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. तो थांबायच्या आत जागृतीने हात वर केला.

"अध्यक्ष, याची मघाची दुरुस्ती मी मान्य करते. विरोधात असून ज्याने दार उघडलं, त्यालाच भायेर ठेवून मी अधिवेशनाला कोन्त्या तोंडाने जाऊ?"

ललितचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे आता मला बाजूने मत द्यावं लागणार? फसवलंस की!"

"तू परत हात वर करीन बोललेलास. मंग कर ना."

रूपलने टेबलावर थाप मारली. "मत घेते. आणि ऐका, संगमात घरचं आणि बाहेरचं असं कोणी नसतं. ज्याला पटतं त्याने हात वर करायचा."

केतनने दोन्ही हात वर केले. "मघाचा पन धरा."

"केतन, एक खाली."

भाग्यश्रीने आधी आजूबाजूला पाहून घेतलं, गावचं कोणी वडीलधारं खिडकीतून बघत नाही ना म्हणून, आणि मग हात वर केला. जागृतीने सर्वांत शेवटी केला, तोही नजर जमिनीला लावून. नव्या नवरीने नाव घ्यावं तशी ती लाजली होती. विरोधात कोणीच नव्हतं. रूपलने तिथूनच ठराव पाठवून दिला.

अधिवेशन नागपूरला झालं. तिथे 'कोणत्याही घरच्या धंद्यात' या शब्दांनी काम केलं. केरळच्या मासेमार गावातली एक मुलगी अनुमोदनाला उभी राहिली, तसाच आसामातला एक मुलगा, ज्याच्या घरी चहाचा छोटा मळा होता आणि ज्याने समुद्र कधी पाहिलाही नसेल. ठराव मंजूर झाला आणि संगमाचं धोरण ठरलं. जागृतीने सभागृहातूनच आईला फोन लावला. पुष्पलताबाई गिऱ्हाइकाला बोंबील मोजून देत होत्या. त्यांनी हातातले बोंबील तसेच धरून बाजाराला सांगितलं, "माज्या पोरीचा कायदा झाला!" कायदा नाही, धोरण, असं जागृती फोनवर ओरडून सांगत राहिली, पण तोवर शेजारच्या कोळणींनी पेढे मागवलेही होते.

पुढे शिष्टमंडळं गेली, निवेदनं झाली. आमच्या कॉलेजने इतरांची वाट न पाहता जूनपासून दुपारच्या तुकडीत अशा विद्यार्थ्यांसाठी जागा ठेवल्या. अर्ज घ्यायला कार्यालयाची खिडकी उघडली तेव्हा मी तिथेच होतो. जागृती बाजारातून घामाघूम होऊन आली, तर रांगेत पहिला उभा ललित.

"ठराव माजा," ती म्हणाली, "नि पयला नंबर तुजा?"

"दुरुस्ती कोणाची?" ललितने विचारलं, आणि बाजूला सरकून तिला पुढे घेतलं.