शिलाईवालीच्या नवऱ्याची कंबर

बाजाराच्या मागच्या गल्लीत एका खोलीत ती कपडे शिवायची. पुढे मशीन, पडद्यामागे शेगडी आणि संसार. सगळे तिला शिलाईवालीच म्हणत, आणि तिचा नवरा म्हणजे शिलाईवालीचा नवरा. त्याचं त्याला काही वाटत नसे, हे त्याचं मोठेपण. बाई तापट, पण हात पक्का. तिनं घातलेली टीप कधी उसवत नसे आणि तिच्या मनात एकदा बसलेला संशयही सहसा उसवत नसे.

नवरा गावाबाहेरच्या कारखान्यात दळणयंत्रावर होता. वाळवंटात उगवणारी एक काटेरी, मांसल वनस्पती तिथे सोलून, वाळवून दळायचे आणि हिरव्या पाकिटांत भरायचे. पाकिटावर सडपातळ बाई आणि खाली लिहिलेलं, ‘भुकेला नैसर्गिक लगाम’. पूर्वी जनावरांमागे फिरणारी माणसं हिचा तुकडा चघळून दिवस काढायची. आता ती खाऊनपिऊन सुखी असलेल्यांच्या कामी आली होती. शिलाईवालीच्या गिऱ्हाइकांतही ही पूड घेणाऱ्या दोघीतिघी होत्या. महिन्याच्या महिन्याला हौसेनं माप द्यायला यायच्या आणि टेप जिथल्या तिथे. शिलाईवाली चकार शब्द काढत नसे, गिऱ्हाईक तोडून कसं चालेल?

बारीक होत होता तो तिचा नवरा. साऱ्या गावाची मापं घेणाऱ्या या बाईला ते मात्र दिसलं नाही. त्याची पँट कमरेत सैल झाली, तेव्हा तिनं कापडवाल्याला गाठून झापलं, की तुझं कापड धुतल्यावर ताणतं. त्या बिचाऱ्यानं मुकाट्यानं दुसरं दिलं. त्या कापडाचीही पँट सैल झाली. मग तिनं नवऱ्यालाच उभं करून कमरेला टेप लावली, तेव्हा कुठे कळलं, की दोष कापडाचा नव्हता.

आता तिला सगळंच दिसू लागलं. ताटातलं अर्धं तसंच राहायचं आणि हा म्हणायचा, पोट भरलं. कुठे भरलं? कारखान्याच्या वाटेवर मोठ्या नणंदेचं घर होतं आणि नणंद सुगरण म्हणून मिरवायची. बहिणीकडे हादडून येतो आणि वर बहिणीचं अन्न अंगीही लागत नाही, असा निकाल लावून शिलाईवाली पदर खोचून निघाली.

“वन्सं, भावाला काय घालायचं ते घाला, पण मला सांगून घाला,” तिनं दारातूनच सुरुवात केली. नणंदही काही कमी नव्हती. भाऊ वाळून काटकी झाला, भावजय उपाशी ठेवते, असं ती केव्हापासून घोकत होती. दोघींची चांगली जुंपली. भांडता भांडता दोघींच्याही लक्षात आलं, की तो इथेही जेवत नाही आणि तिथेही नाही.

शेवटी नणंदेनं विचारलं, त्याच्या कपड्यांना तो कडवट वास कसला? पुडीचा, शिलाईवाली म्हणाली. केसांत, भुवयांत, नाकातोंडात, सगळीकडे तीच असते.

“अगं, आमचे वडील हरवलेल्या शेळ्या शोधायला जायचे तेव्हा याच झाडाचा तुकडा चघळायचे,” नणंद म्हणाली. “पण घरी आले, की आधी खळखळून चूळ भरायचे. अन्न नसेल तेव्हाचं आहे ते. हा तर दिवसभर तेच गिळतोय.”

त्या रात्री शिलाईवालीनं विषय काढला, तर नवरा हसला. लोक पैसे मोजून घेतात, आपल्याला फुकट मिळतंय, म्हणाला. खरं तर त्याचा त्या यंत्रावर जीव होता. नुसत्या आवाजावरून दळण किती बारीक पडतंय ते तो सांगायचा. डॉक्टरांनीही बजावलं, की धुळीपासून लांब राहा. यानं मान डोलावली आणि सकाळी कामावर गेला. तिनं तोंडाला बांधायला तिहेरी फडकं शिवून दिलं, ते गुदमरतं म्हणून गळ्यात लोंबायचं. माणूस डोळ्यांदेखत संपत चाललाय आणि आपण त्याच्या पँटी आत घेत बसलोय, या विचारानं तिला मशीनवर बसल्या बसल्या रडू यायचं.

पुढे यंत्राचा दांडा मोडला. नवा लांबून यायचा होता, म्हणून दळण बंद पडलं आणि हा घरी बसला. पहिले काही दिवस तसेच गेले. मग एका दुपारी त्यानं पडद्याआडून विचारलं, आज काय केलंयस? तिचा कानांवर विश्वास बसेना. तो जेवायला बसला, पुन्हा मागितलं, पुन्हा मागितलं आणि पातेलं निपटून घेतलं. त्याच्या खाण्याच्या बेतानं ती हल्ली थोडंच करायची, त्यामुळे तिला परत शेगडी पेटवावी लागली.

“यंत्र सुरू झालं, की मी दळायला नाही जाणार,” तो खाता खाता म्हणाला. “पोती उचलीन.”

एवढं रडून सांगितलं तेव्हा ऐकलं नाहीत, आता काय झालं, असं तिनं विचारलं.

“मला वाटलं होतं, तुझ्या हाताची चव गेली. वर्षभर लाकूड चावल्यासारखं लागायचं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

शिलाईवालीचं डोकंच फिरलं. वर्षभर आपण याच्या काळजीनं झुरलो आणि हा मनातल्या मनात आपल्या स्वयंपाकाला नावं ठेवत होता. तिनं चमचा पातेल्यावर आपटला.

“लाकूड लागत होतं, तर अर्धं तरी कशाला खात होतात?”

“तू केलेलं होतं म्हणून,” तो म्हणाला आणि त्यानं ताट पुढे केलं.