घशातली खरखर

स्टुडिओतली मंडळी त्यांना फिल्टरबुवा म्हणत. जाहिरातीतल्या यंत्राची गुरगुर असो की गोष्टीतल्या राक्षसाचं हसू, बुवा सगळं कॉम्प्युटरवरच्या सिंथेसायझरमधून काढत. त्यांचा हातखंडा एकच. फिल्टर म्हणजे आवाजाची चाळणी. ती सावकाश हलवली तर आवाज नुसता उघडझाप करतो. पण एखाद्या सुराच्याच वेगाने, सेकंदाला शेकडो वेळा हलवली, की हलणं कानाला कळत नाही. गुळगुळीत आवाजाला खरखरीत अंग येतं.

"माझा घसा ऐकूनच शिकलास हे," बायको चिडवायची. "गुरू म्हणून नाव तरी घे!" तिचा आवाज मुळातच बसका, कडेला जरा फाटलेला. म्हणूनच की काय, रेकॉर्डिंगचं नाव काढलं की ती तोंड मिटून घ्यायची.

ती गेली, आणि मागे उरला फोनवरचा एक निरोप. "अरे, येताना बल्ब आण. जिन्यात अंधार आहे. पडशील नाहीतर, आणि मला मेलीला हसू आवरायचं नाही."

तो ऐकायची बुवांची छाती होईना. पण जपायचा तर नीट जपू म्हणून, फोटोवरची धूळ पुसावी तसा त्यांनी तो साफ करायला घेतला. कुठलंही रेकॉर्डिंग हाती आलं की आधी खरखर काढायची आणि जुन्यावरच सेव्ह करायचं, ही त्यांच्या हाताची सवय. आवाज बंद ठेवून, पडद्यावरच्या रेघा बघून त्यांनी ती काढली. पुढे फोनही मोडीत गेला.

मग परगावी शिकणाऱ्या लेकीचा फोन आला. "बाबा, रविवारी येतेय. आईचा निरोप ऐकवशील ना?"

तेव्हा कुठे बुवांनी मन घट्ट करून तो लावला. गुळगुळीत गळ्याची कुणी परकी बाई बल्ब मागत होती.

बुवा कामाला लागले. आधी फिल्टर एकाच वेगाने हलवून पाहिला, तर तिच्या तोंडात माशी अडकल्यासारखी वाटली. मग हलण्याचा वेग तिच्याच सुराला बांधला. खरखर तिच्याबरोबर चढू-उतरू लागली. आठवडाभर ते तेवढंच ऐकत होते. शनिवारी "जिन्यात" या शब्दावर ते दचकून मागे वळले.

लेकीने हेडफोन लावून निरोप दोनदा ऐकला. "बाबा, हे तू केलंयस ना?"

"कशावरून?"

"आई सगळीकडे नव्हती खरखरत. कुठेतरीच आवाज फाटायचा तिचा."

बुवांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. ती रागावली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली. "थांब, मी दाखवते. 'पडशील नाहीतर...' नाही, असं नाही. तू म्हण बघू."

बुवांनी म्हणून दाखवलं.

"अरे, हा तर तुझा राक्षस झाला!" ती खळखळून हसली. मग पुन्हा तिने, पुन्हा बुवांनी, असं बराच वेळ चाललं. जमेना. बोलता बोलता तिने हेडफोन मांडीवर ठेवले आणि तिचे डोळे भरून आले.

"येताना गाडीत आठवत होतं रे मला. अगदी स्पष्ट. आता तू केलेलंच ऐकू येतंय."

बुवांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्याही कानात आता दुसरं काही उरलं नव्हतं.