दौलतभाऊंची चप्पल आणि डॉक्टरांची वही

मी नागपूरचा. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, क्लार्क म्हणून लागलो आणि किस्से इतके साचले, की सुट्टीत घरी गेलो की आईच म्हणायची, "आधी जेव, मग तुझे दौलतभाऊ." दौलतभाऊ म्हणजे आमचे कापसाचे पारखी, वय बत्तीस. चिमूटभर कापूस बोटांत ओढून धागा कसा आहे ते सांगायचे, आणि त्यांचा शब्द शेवटचा.

*

भर एप्रिलात, दुपारी, दौलतभाऊ गेटवरून ऑफिसात आले. उजव्या पायात चप्पल, डावा उघडा. बाहेरची फरशी नुसती पेटलेली.

"भाऊ, पाय भाजून नाई राह्यला का?"

त्यांनी खाली पाहिलं. "कोनता?"

आम्ही हसून हसून लोळलो.

*

मग डोळा. उजव्या डोळ्यापुढे धुकं म्हणून चष्मा आणला. चष्म्यातूनही धुकंच. पंधरा दिवसांनी चष्मा घरी विसरले, तर सगळं स्वच्छ! हमालांचा मुकादम म्हणाला, "बेस चष्मा हाय भाऊ, घरी ठेवला का दिसते."

*

हा किस्सा वहिनींचा, म्हणजे भाऊंच्या बायकोचा. गरम पाण्यानं आंघोळ केली की भाऊंचे पाय लटपटायचे. वहिनी म्हणायच्या, "पानी चुलीवर तापते, अन् चढते ह्यायले."

*

एका दुपारी मात्र त्यांनी चांगला कापूस हलका ठरवला, आणि उठताना झोकांडी गेली. मॅनेजरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ढोसून कामावर येता? सोमवारी हिशेब घेऊन जा."

ज्या माणसानं कधी तंबाखू चोळली नाही, तो हातातला कापूस ठेवून बाहेर पडला.

बाहेर मी विचारलं, "काऊन बोलले नाईत?"

"काय सांगू लेका? बोटाले कापूस समजूनच नाई राह्यला."

*

शनिवारी मी त्यांना नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांपुढे हे म्हणतात, "काई नाई जी, थोडी कमजोरी."

मी बडबड्या. सुरूच केलं, चप्पल, चष्मा, आंघोळ. डॉक्टर हसलेच नाहीत. वही ओढली. "थांबा. डोळा आधी की पाय आधी? मध्ये किती दिवस बरं होतं?" माझे किस्से कुणी लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ.

बराच वेळ तपासून, एमआरआय काढून म्हणाले, हा मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांचा आजार दिसतो, मल्टिपल स्क्लेरोसिस. येतो, जातो, म्हणून माणूस फसतो. उन्हानं त्रास वाढतो. मुळासकट घालवणारं औषध नाही, पण वेळेत आलात, सांभाळू. नवीन काही वाटलं तर वाट पाहू नका. दारूचा संबंध नाही, हेही चिठ्ठीत लिहून दिलं.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. आणि दौलतभाऊंचेही. एवढं हसलो आम्ही, तरी माझ्या शब्दावर गाडीत बसले.

*

सोमवारी चिठ्ठी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर. त्यांनी तळहातानं एक डोळा झाकला आणि वाचली. दोनदा वाचली.

"चुकलं माझं, दौलतराव. सकाळच्या पाळीत या, सावलीत बसा. बोटं सुधारेपर्यंत मुकादमाला पारख शिकवा."

दौलतभाऊ जागचे हलले नाहीत. "साहेब, डोळा कवापासून झाकून राह्यले?"

"हा? झाले चार दिवस. जागरणानं असेल."

"नागपूरची गाडी दहाले हाय," दौलतभाऊ म्हणाले. "टोपी घाला."