दुसरी रचना

रॉटरडॅमला माझ्या ऑफिसजवळच्या सभागृहात कधीकधी दुपारी फुकट मैफल असते. तिथे तो एकदाच माझ्या शेजारी बसला होता. ऐंशीच्या घरातला, ताठ मानेचा डच म्हातारा. थंडीत सायकलवरून आल्यामुळे त्याचे कान लाल झाले होते.

आधी एकोणिसाव्या शतकातली, रोमँटिक काळातली एक गोड, हळवी व्हायोलिनची रचना झाली. सगळं सभागृह हेलावलं, पण हा मांडीवरच्या टोपीची कड चिमटीत दाबत बसला होता.

मग एक आधुनिक रचना सुरू झाली. तिच्यात गुणगुणावं असं काही नव्हतं, नुसते तुटक, टोचणारे स्वर. लोक कोट उचलून निघू लागले. शेवटी जेमतेम टाळ्या पडल्या.

"आवडली?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"खरं सांगायचं तर, कळली नाही."

"माझी आहे. तरुणपणी लिहिलेली."

मी ओशाळलो. तो मात्र शांतपणे म्हणाला, "आमची पिढी दुसऱ्या महायुद्धानंतरची. गोड सुरांनी जगाला फार भुलवलं, आता पुरे, असं आम्ही ठरवलं. त्या जुन्या संगीताला आम्ही रडूबाई म्हणायचो."

"आता पटत नाही?"

"अजूनही पटतं, तेच तर दुखतं. माझी बायको व्हायोलिन वाजवायची. माझ्या रचनेतला एक स्वर तिने कधी चुकवला नाही. पण मी बाहेर पडलो, की ती ते जुनं वाजवत बसायची. हे मला ती वारल्यावर कळलं. शेजारीण म्हणाली, 'किती सुंदर वाजवायची हो ती!'"

त्याने टोपी डोक्यावर चढवली.

"सगळ्या गल्लीने ते ऐकलं होतं. फक्त मीच ऐकलं नाही."